नाग नदीचा पूर, पंचनामा आणि विमा : नागपूरच्या पूर-जोखमीचा इतिहास

प्रस्तावना

२३ सप्टेंबर २०२३ रोजी पहाटे नागपूर शहरात सुमारे चार तासांत १०९ मिलिमीटर पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीचे पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, सीताबर्डी या परिसरांतील तळमजल्यांत व तळघरांत शिरले. मोरभवन बसस्थानकातील गाड्या पाण्यात बुडाल्या. बचावकार्यासाठी लष्कराची मदत घ्यावी लागली. किमान चार जणांचा मृत्यू झाला आणि बाधित घरांची संख्या सुमारे दहा हजार असल्याचे शासनाने जाहीर केले. प्रत्येक बाधित कुटुंबाला १० हजार रुपये, दुकानदाराला कमाल ५० हजार रुपये आणि टपरीधारकाला १० हजार रुपये अशी मदत घोषित झाली.

या घटनेची पुढील चर्चा मुख्यतः नदीपात्रातील अतिक्रमणे आणि तलावाच्या सांडव्यासमोरील स्मारक या दोन मुद्द्यांभोवती फिरली. स्मारकाच्या जागेचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेला. ही चर्चा आवश्यकच होती. परंतु पुराचे नुकसान अखेर कोणी सोसले आणि ते कोणत्या मापाने मोजले गेले, हा प्रश्न तिच्यात मागे पडला. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. पुराचे नुकसान भरून काढण्याचे दोन मार्ग आधुनिक राज्यव्यवस्थेने निर्माण केले. एक शासकीय मदतीचा व दुसरा विम्याचा. मदतीचे मोजमाप पूर ओसरल्यावर होते, तर विम्यासाठी जोखीम आधीच ठरवावी लागते. नागपुरात पहिला मार्ग शंभरहून अधिक वर्षे वहिवाटीत आहे. दुसरा मात्र आगीच्या विम्याला जोडून आला, आणि ज्याचा धोका सर्वांत मोठा त्याच्यापर्यंत तो क्वचितच पोहोचला.

शहर आणि त्याचे पाणी

नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. त्यामुळे किनारपट्टीच्या जिल्ह्यात पुराची जी सावधता पिढ्यान्‌पिढ्या असते ती येथे रुजली नाही. गोंड राजा बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या आरंभी काही वाड्या एकत्र करून वसविलेले हे नगर ज्या नदीच्या नावाने ओळखले जाते, ती नाग नदी शहराच्या पश्चिमेस लाव्हा परिसरातील टेकड्यांमध्ये उगम पावते, अंबाझरीतून पुढे निघून शहर ओलांडते आणि पूर्वेस पिवळी नदीसह कन्हानच्या खोऱ्यात जाते. तिचे पाणलोट क्षेत्र लहान व उताराचे असल्याने पाणी झपाट्याने चढते आणि तितक्याच झपाट्याने ओसरते. पुढील विवेचनात नदीचा हा स्वभाव लक्षात ठेवणे महत्त्वाचे आहे.

भोसलेकालीन आणि नंतर ब्रिटिशकालीन नागपूर तलावांभोवती वाढले. शुक्रवारी तलाव, अंबाझरी, पुढे गोरेवाडा ही पाणी साठविण्याची ठिकाणे होती. त्यांचा विचार पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीने झाला. १९३६ च्या कायद्यान्वये नागपूर सुधार प्रन्यास अस्तित्वात आला आणि १९५१ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. या दोन संस्थांच्या काळात शहर पश्चिमेकडे व दक्षिणेकडे सरकत गेले. ‘लेआउट’ हा इंग्रजी शब्द नागपुरात वस्तीच्या नावाचा भाग झाला, हे या वाढीचे भाषेत उरलेले चिन्ह म्हणावे लागेल. अनधिकृत लेआउटांची संख्या इतकी वाढली की ‘५७२ लेआउट’ व ‘१९०० लेआउट’ ही प्रशासकीय भाषेतील रूढ नावेच बनली आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याने त्यांच्या नियमितीकरणाचा मार्ग खुला झाला. नियमितीकरण म्हणजे विकास शुल्क, रस्ते व गटारे यांचा हिशेब. भूखंड ओढ्याच्या किती जवळ आहे, याची किंमत या हिशेबात आकारली जात नव्हती. दरम्यान नदीलाच लोक ‘नाग नाला’ म्हणू लागले होते. ज्याला नाला म्हटले जाते त्याला पूर येईल, अशी कल्पना करणे अवघड जाते.

पुराच्या खुणा मात्र नव्हत्या असे नाही. जुलै १९९४ मध्ये नागपुरात २४ तासांत ३०४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. ६ जुलै २०१८ रोजी, पावसाळी अधिवेशन अनेक वर्षांनंतर नागपुरात भरले असताना, मुसळधार पावसाचे पाणी विधानभवनाच्या वीजपुरवठा कक्षात शिरले आणि कामकाज तहकूब करावे लागले. जिल्ह्याच्या स्मृतीतील सर्वांत भीषण घटना मात्र शहराबाहेरची आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातील मोवाड हे गाव उद्ध्वस्त केले आणि २०४ जणांचा बळी घेतला. १८६७ पासून नगरपालिका असलेले हे गाव पुढे नव्या जागी वसवावे लागले. मोवाडची आठवण दरवर्षी श्रद्धांजलीच्या रूपाने जागविली जाते. जिल्ह्याच्या नगररचनेत मात्र तिचे प्रतिबिंब फारसे उमटले नाही.

मदतीची परंपरा : दुष्काळाच्या चौकटीत पूर

मध्य प्रांताच्या प्रशासनाला आपत्तीचा मुख्य अनुभव दुष्काळाचा होता. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनी या प्रांताची अपरिमित हानी केली. दुष्काळ संहिता, मदतकामे, महसुलाची तहकुबी व माफी, तसेच १८८३ व १८८४ च्या कायद्यांखालील तगाई कर्जे ही सारी यंत्रणा अवर्षणासाठी उभारलेली होती. पूर आला की तीच यंत्रणा वापरली जाई. या चौकटीची दोन वैशिष्ट्ये स्वातंत्र्यानंतरही टिकली. पहिले, नुकसानभरपाई हा हक्क नसून शासनाची कृपा आहे, ही धारणा. ‘सानुग्रह अनुदान’ या शब्दातच ती दिसते. दुसरे, नुकसान व्यक्तीच्या मालमत्तेवरून न मोजता ठरावीक दराने मोजणे.

वित्त आयोगांनी या मदतीला आर्थिक शिस्त आणली. दुसऱ्या वित्त आयोगाच्या काळापासून राज्यांसाठी आपत्ती खर्चाची तरतूद सुरू झाली, नवव्या आयोगाच्या शिफारशीनुसार १९९० पासून आपत्ती निवारण निधी आला आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर त्याची जागा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीने घेतली. पंधराव्या वित्त आयोगाने प्रतिसादासाठी ८० टक्के आणि सौम्यीकरणासाठी २० टक्के असे विभाजन सुचविले. निधीची नावे बदलली तरी गावपातळीवरील दस्तऐवज एकच राहिला. तो म्हणजे पंचनामा.

नागपूरच्या संदर्भात पंचनाम्याच्या निकषांत एक मूलभूत विसंगती दिसते. कपडे व भांडी यांच्या नुकसानीसाठी घर दोन दिवसांपेक्षा अधिक काळ पाण्याखाली असणे, ही अट निकषांत दीर्घकाळ होती. कृष्णा, पंचगंगा यांसारख्या मोठ्या नद्यांच्या काठी पाणी दिवसेंदिवस ठाण मांडून राहते. तेथे ही अट समजण्याजोगी आहे. नाग नदीचे पाणी पहाटे तीनला घरात शिरते आणि दुपारपर्यंत ओसरते. गादी, धान्य, शीतकपाट, मुलांची पुस्तके यांचा नाश होण्यास तेवढा वेळ पुरतो. निकषाच्या भाषेत मात्र हे घर बुडालेलेच नसते. २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर राज्य शासनाने ही अट शिथिल केली. २०२१ मध्ये कुटुंबाला कपड्यांसाठी ५ हजार व भांड्यांसाठी ५ हजार असे १० हजार रुपये, तर दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के व कमाल ५० हजार रुपये हे दर ठरले. नागपूरला २०२३ मध्ये मिळालेली मदत याच साच्यातली आहे. म्हणजे सांगली, कोल्हापूर, चिपळूण येथील अनुभवातून घडलेला दर नागपूरला लागू झाला. तो वेळेवर लागू झाला हे चांगलेच. पण तळघरात दुकान, मुद्रणयंत्र किंवा औषधांचा साठा असलेल्याच्या दृष्टीने ५० हजार रुपये ही रक्कम साफसफाईच्या खर्चाच्या फार पुढे जात नाही.

विम्याची परंपरा : आगीच्या मागून आलेले पाणी

विम्याचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. १८५० मध्ये कलकत्त्यात ट्रायटन ही सर्वसाधारण विमा कंपनी स्थापन झाली, तेव्हापासून शतकभर या व्यवसायाचे लक्ष जहाज, गोदाम व गिरणी यांच्याकडे होते. नागपुरात या जगाशी नाते जोडणारी वास्तू म्हणजे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल. ती ज्या जागेवर उभी राहिली ती जमीन दलदलीची होती आणि भर घालून ती बांधकामायोग्य करावी लागली. टाटा जमिनीत सोने पुरत आहेत, असे म्हणून एका स्थानिक सावकाराने भांडवल देण्यास नकार दिला होता, ही कथा प्रसिद्ध आहे. याच गिरणीत देशात अगदी आरंभीच्या काळात आगप्रतिबंधक फवारे बसविले गेले. कापसाच्या गिरणीला आगीची भीती असणे स्वाभाविक होते. पण येथे एक भेद स्पष्ट होतो. आग ही मोजलेली, दर ठरलेली आणि म्हणून उपाय करण्याजोगी जोखीम झाली होती. त्याच दलदलीच्या जमिनीतील पाण्याचा प्रश्न भर घातल्यावर संपला असे मानले गेले.

१९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १०७ विमा संस्थांचे चार सरकारी कंपन्यांत एकत्रीकरण झाले. दर ठरविण्याचे काम टॅरिफ सल्लागार समितीकडे होते. आगीच्या विमापत्रात वादळ, पूर व जलमयता हे धोके अधिक हप्ता भरून जोडावे लागत. २००१ च्या अखिल भारतीय अग्नी टॅरिफने हे धोके प्रमाण विमापत्रातच समाविष्ट केले, पण हप्त्यात सवलत घेऊन ते वगळण्याची मुभाही ठेवली. ज्या व्यापाऱ्याला पूर कधी दिसलाच नव्हता त्याने सवलत घेणे व्यवहारी होते.

या टॅरिफमधील एक गोष्ट संशोधकांनी पुरेशी लक्षात घेतलेली दिसत नाही. भूकंपासाठी देशाचे भौगोलिक पट्टे पाडलेले होते आणि पट्ट्यानुसार दर बदलत असे. पुरासाठी असा पट्टाच नव्हता. नदीकाठचे दुकान आणि टेकडीवरचे दुकान यांना एकच दर लागे. एका अर्थी ही समता होती. टेकडीवरचा माणूस काठावरच्याचा भार उचलत होता. परंतु दर जागेनुसार बदलत नसल्याने जागा धोक्याची आहे, ही सूचना विमेदाराला विम्यातून कधी मिळाली नाही. १ जानेवारी २००७ पासून टॅरिफ मोडीत निघाले आणि कंपन्यांना दर ठरविण्याचे स्वातंत्र्य मिळाले. तोवर शहराचा नकाशा ठरून गेला होता.

राहत्या घरांचा विमा हा या इतिहासातील सर्वांत उशिराचा टप्पा आहे. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ हे प्रमाणित विमापत्र लागू केले. त्यात पुराचा धोका अंतर्भूत आहे. इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, घरातील वस्तूंना आपोआप संरक्षण मिळते आणि रक्कम कमी ठरविली गेली तरी दावा त्या प्रमाणात कापला जात नाही. अंबाझरीचा पूर यानंतर सुमारे अडीच वर्षांनी आला.

विमा कोणाकडे पोहोचला

नागपूरसारख्या शहरात विमा माणसाकडे स्वेच्छेने क्वचित येतो. तो बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी आग्रहाने येतो. वाहनाचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यामुळे, दुकानातील मालाचा विमा बँकेच्या कर्जामुळे. म्हणून त्यात कोणाचे हित आधी जपले जाते हे पाहणे आवश्यक ठरते. मोटार कायद्याची सक्ती त्रयस्थ व्यक्तीच्या हानीपुरती आहे. केवळ तेवढाच विमा असलेली मोटार तळघरात बुडाली तर मालकाला काही मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असला तरी पाण्यात उभी गाडी सुरू करण्याचा प्रयत्न करून इंजिनात पाणी ओढले गेल्यास, इंजिन संरक्षणाची पुरवणी नसेल तर तो खर्च सहसा नाकारला जातो. पूर ओसरल्यावर मालक पहिल्यांदा किल्लीच फिरवतो. विमापत्रातील ही तरतूद त्याने वाचलेली नसते.

दुकानाच्या विम्यातील अडचण अधिक गंभीर आहे. बँक आपल्या कर्जाच्या रकमेपुरता विमा उतरविण्यावर भर देते. समजा, एखाद्याकडे २० लाखांचा माल आहे आणि कर्ज १० लाखांचे असल्याने विमा १० लाखांचाच आहे. पुरात ४ लाखांचा माल गेला. नुकसान विमा रकमेच्या आत असल्याने ते पूर्ण मिळेल, अशी दुकानदाराची समजूत असते. सरासरीच्या कलमानुसार मात्र त्याने निम्म्याच मालाचा विमा उतरविलेला असल्याने सर्व्हेअर दावा २ लाखांवर आणतो आणि ती रक्कमही आधी कर्जखात्यात जाते. छोट्या व्यवसायांसाठी २०२१ मध्ये आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ विमापत्रात १५ टक्क्यांपर्यंतची अशी तूट माफ केली आहे. निम्म्या तुटीला त्याचा उपयोग नाही. भाडेकरू, घरकाम करणारी स्त्री, हातगाडीवाला हे सारे या व्यवस्थेच्या पूर्णपणे बाहेर आहेत. त्यांच्यासाठी पंचनामा हाच एकमेव दस्तऐवज उरतो. त्यामुळे मदतीचे दर कमी आहेत म्हणून मदतव्यवस्थेची हेटाळणी करून केवळ विम्याचा पुरस्कार करणे अन्यायाचे होईल.

शेतीच्या क्षेत्रात चित्र वेगळे आहे, आणि त्याचे श्रेय मराठी वाचकांना परिचित असलेल्या एका अर्थशास्त्रज्ञाकडे जाते. म्हैसूरच्या जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० मध्ये पर्जन्यमानावर आधारित शेती विम्याची योजना मांडली होती. १९७० च्या दशकात वि. म. दांडेकर यांनी वैयक्तिक नुकसानीऐवजी क्षेत्र हा घटक धरण्याचा आग्रह धरला आणि १९७९ ची प्रायोगिक पीक विमा योजना त्या धर्तीवर सुरू झाली. तिचीच परंपरा २०१६ च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेपर्यंत येते. या योजनेत पुराने शेत जलमय झाल्यास शेतकऱ्याने ७२ तासांत सूचना द्यायची असते. महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हिस्सा एक रुपयावर आणला आणि २०२५ मध्ये ती सवलत मागे घेतली. तिच्या गुणदोषांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. लक्षात घेण्याजोगे एवढेच, की शेतातील कपाशीसाठी राज्याने चार दशके विम्याची रचना शोधली. शहरातील तळमजल्यासाठी असा शोध झाला नाही.

पूररेषा आणि तिचा अर्थ

विमा व नगररचना यांची सांगड घालण्याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. १९२७ च्या मिसिसिपी पुरानंतर खासगी कंपन्यांनी पुराच्या विम्यातून अंग काढून घेतले होते. १९६८ मध्ये तेथे राष्ट्रीय पूर विमा कार्यक्रम सुरू झाला. ज्या गावाने पूरमैदानातील बांधकामाचे नियम स्वीकारले त्याच गावातील लोकांना हा विमा मिळणार, ही त्यातील अट होती, आणि १९७३ नंतर धोक्याच्या पट्ट्यातील गृहकर्जाला तो सक्तीचा झाला. किनारपट्टीच्या काउंटींमध्ये यामुळे प्रत्येक घरमालकाला आपले घर नकाशाच्या कोणत्या रंगात आहे हे ठाऊक झाले. परंतु हप्ते खऱ्या जोखमीपेक्षा कमी ठेवल्याने कार्यक्रम कर्जात बुडाला. २०१७ मध्ये १६ अब्ज डॉलरचे कर्ज माफ करावे लागले. नकाशाच्या रेषेबाहेर राहणाऱ्याला आपण निर्धास्त आहोत असा भ्रम झाला, ही त्याची दुसरी मर्यादा.

भारतात केंद्र शासनाने पूरमैदान क्षेत्रनियमनाचा नमुना कायदा १९७५ मध्ये राज्यांकडे पाठविला. मणिपूरने १९७८ मध्ये व राजस्थानने १९९० मध्ये तसा कायदा केला. महाराष्ट्राने कायद्याऐवजी पाटबंधारे विभागाच्या १९८९ च्या परिपत्रकाचा मार्ग धरला. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, दोन रेषांमध्ये नियंत्रित क्षेत्र. या शब्दप्रयोगांनी मोठा गैरसमज निर्माण केला आहे. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ पूर येऊन गेला की पुढची पिढी सुटली असा नाही. दरवर्षी एक टक्का शक्यता, असा तो आहे. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत लाल रेषेवरील घराला असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के असते आणि निळ्या रेषेवरील घराला सुमारे ५६ टक्के. कर्ज देणारी बँक शीर्षकाचा शोध, मंजूर नकाशा, मूल्यांकन हे सारे तपासते. ही ५६ टक्के शक्यता हप्त्याच्या रूपाने कर्जदारासमोर मांडणे तिला अशक्य नाही.

अलीकडे पावसाच्या मोजमापावर आधारलेल्या विम्याचा पर्याय पुढे आला आहे. ठरावीक मिलिमीटरची मर्यादा ओलांडली की पंचनाम्याशिवाय रक्कम मिळते. नागालँडने २०२४ मध्ये राज्य म्हणून असा विमा घेतला. पंधराव्या वित्त आयोगानेही विम्याच्या काही रचनांचा विचार सुचविला होता. नागपूर महानगरपालिकेला किंवा जिल्हा प्रशासनाला हा मार्ग अनुकरणीय वाटू शकतो. मात्र येथेही नाग नदीचा स्वभाव आड येतो. महसूल विभागाच्या लेखी २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी. हवामान विभागाच्या वर्गवारीत २४ तासांत ११५.५ मिलिमीटरपर्यंतचा पाऊस केवळ ‘जोरदार’ ठरतो आणि त्यापुढे ‘अति जोरदार’. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेचे १०९ मिलिमीटर दिवसाच्या मापाने धरले तर ते खालच्याच वर्गात बसतात. दैनिक पर्जन्यावर मर्यादा ठरविली असती तर ‘अति जोरदार’ पावसासाठी उतरविलेल्या विम्याची एक पैही त्या दिवशी मिळाली नसती. नाग नदीसाठी मर्यादा तासाच्या हिशेबाने आणि अंबाझरीच्या सांडव्यावरील पातळीशी जोडूनच ठरवावी लागेल. त्यासाठी लाव्हा ते पारडी या पट्ट्यात दर पंधरा मिनिटांची नोंद करणारी पर्जन्यमापके आणि त्या नोंदींची किमान काही वर्षांची अखंड मालिका हवी.